शेऱ्याच्या रकान्यात ‘गाडी नाही’

सकाळचे सात वाजून अठरा मिनिटे झाली होती. शामकांत निसळ यांनी आत आलेल्या चौथ्या ट्रकचा नंबर वहीत उतरवला, पुढच्या रकान्यात ‘७.१८’ लिहिले आणि पेन कानावर ठेवले. जानेवारीतला मंगळवार होता. वाघमळ्याच्या मालधक्क्यावर खताची रेक, म्हणजे मालडब्यांची माळ, लागून तास होऊन गेला होता आणि एकवीस डब्यांपैकी आठ डब्यांची दारे उघडली होती. डब्यातून गोणी पाठीवर, पाठ फळीवरून ट्रकमध्ये, मग मोकळा माणूस पुन्हा डब्यात. अशी बहात्तर माणसे, अठरा-अठराच्या चार टोळ्यांत.

नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, शहरापासून अकरा किलोमीटरवर हा धक्का आहे. लहान आहे, पूर्ण लांबीची मालगाडी इथे एका वेळी लागत नाही, अर्धीच लागते. डबे फलाटाला लागल्यापासून नऊ तासांत रिकामे करून द्यायचे, त्यापुढे दंड, असा नियम आहे. नऊ तासांत सव्वीस हजारांवर गोण्या आणि त्या नेणारे अठ्ठावीस ट्रक. ट्रकच्या बहुतेक खेपा एमआयडीसीमागच्या गोदामापर्यंत होतात, थोड्या थेट शेवगाव आणि नेवाशाला जातात. मालगाडीची वेळ पुढेमागे होते, ट्रक आपल्या सवडीने येतात आणि या दोघांच्या मधल्या फटीत हमाल उभा असतो.

त्या फटीची नोंद ठेवणे हे निसळांचे काम. वय सत्तावन्न, शिक्षण बी.कॉम. आजोबा कचेरीत कारकून होते, वडील शाळामास्तर. निसळ स्वतः कधी शाळेत शिकवायला गेले नाहीत, तरी धक्क्यावर सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. एकोणीस वर्षांत माल उतरवण्याचा ठेका तीन कंपन्यांकडे फिरला. मास्तर आणि त्यांची वही तीच राहिली. ट्रकचा नंबर, आत आल्याची वेळ, भरायला सुरुवात, भरून झाल्याची वेळ, टोळी क्रमांक असे वहीचे रकाने होते. उजव्या कडेला शेवटचे दोन: काम किती मिनिटे थांबले, आणि शेरा.

त्या मंगळवारी त्यांच्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती. नाव अपूर्वा. माहेर नगरच्या सावेडीत, नोकरी पुण्यात, वय सत्तावीस. मांडीवर लॅपटॉप आणि हातात घड्याळ. सध्याच्या ठेकेदार कंपनीने तिच्या संस्थेला काम दिले होते: रेल्वे आणि ट्रक यांचा मेळ सुधारायचा, तोही आधी संगणकात. धक्क्याची हुबेहूब नक्कल संगणकात उभी करायची, तिच्यात रेक लावायची, ट्रक सोडायचे, टोळ्या कामाला लावायच्या आणि खऱ्या धक्क्याला हात न लावता वेळा बदलून काय होते ते पाहायचे. याला ती सिम्युलेशन म्हणत होती, आणि संगणकातल्या धक्क्याला मॉडेल.

“म्हणजे खेळ झाला,” निसळ म्हणाले.

“खेळच आहे, काका. फक्त यात हरलं तर दंड पडत नाही.”

निसळांना मुलगी आवडली. प्रश्न नेमके विचारायची आणि उत्तर संपेपर्यंत थांबायची. शुक्रवारी नेवाशाकडच्या खेपांना उशीर का होतो, हे तिने विचारले तेव्हा त्यांनी घोडेगावचा जनावरांचा बाजार समजावून सांगितला. सकाळी नऊपासून म्हशींचे टेम्पो रस्त्यावर आडवे उभे राहतात आणि पन्नास मिनिटे हमखास जातात. तिने ते लिहून घेतले. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे किती वेळ मोडतो, तेही लिहून घेतले. संध्याकाळी तिने गेल्या चार वर्षांच्या वह्या मागितल्या. दोनशे बारा रेकांच्या नोंदी. निसळांनी त्या सुतळीने बांधून दिल्या. आपल्या वह्यांना कोणी गिऱ्हाईक आले, याचा त्यांना आनंदही झाला.

त्या दिवशी एक गोष्ट वेगळी घडली होती आणि ती फक्त छबूबाईंच्या लक्षात आली. छबूबाई धक्क्यावर पाणी देतात आणि सांडलेले खत झाडतात. साडेनऊला त्या कळशी घेऊन चौथ्या टोळीकडे गेल्या आणि तशाच परत आल्या.

“आज कुनाला तहान न्हाई का काय?” त्यांनी मास्तरांना विचारले.

चौथ्या टोळीचा मुकादम कानिफनाथ मरकड पाठीवर गोणी घेऊन फळी चढत होता. तो पाथर्डीकडचा, वय चौपन्न, टोळीत त्याच्याहून मोठी माणसे सहा. थांबून म्हणाला, “म्याडम घड्याळ घिऊन बसल्यात आन आमी बूड टेकवायचं व्हय? सोयऱ्याम्होरं लोळल्यावानी दिसंल.”

चारही टोळ्या त्या दिवशी बसल्या नाहीत. अपूर्वा फेब्रुवारीत आणखी एका रेकला आली. त्या दिवशीही नाहीत. थंडी होती, निभावले. पाहुण्यासमोर ताठ उभे राहायचे, एवढेच त्यामागे होते.

एरवी टोळ्या बसत. हे समजायला एकोणीस वर्षे मागे जावे लागते. निसळ नोकरीला लागले त्याच वर्षीच्या मे महिन्यात कानिफनाथच्या टोळीतला एकजण डब्यात कोसळला. मालडबा म्हणजे बंद लोखंडी खोली; दुपारी बारानंतर आतल्या पत्र्याला हात लावता येत नाही. टोळी पस्तीस मिनिटे बाहेर सावलीत बसली. त्या वेळच्या ठेकेदाराचा देखरेख्या वही मागायला आला. ‘कामगार बसले’ असा शेरा पडला असता तर पुढच्या रेकला त्या टोळीला बोलावणे आले नसते. तशी पद्धत होती. निसळांनी मिनिटे लिहिली पस्तीस आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, ‘गाडी नाही’. ट्रकच आला नव्हता, म्हणून काम थांबले. देखरेख्याने वाचले, मान हलवली आणि तो निघून गेला.

कोणाचे काही गेले नाही. ट्रकमालकांना ही वही कोणी दाखवत नसे आणि रेल्वेला तिच्याशी देणेघेणे नव्हते. मग ते चालूच राहिले. उन्हाने, पाठीने किंवा नुसत्या थकव्याने टोळी बसली की निसळ घड्याळ पाहत आणि उठली की मिनिटे लिहीत. बारा म्हणजे बारा, सतरा म्हणजे सतरा. मिनिटे त्यांनी आयुष्यात कधी खोटी लिहिली नाहीत, फक्त कारण. धक्क्यावर त्याची थट्टाही होई. तीन ट्रक फाळके उघडून समोर उभे असताना कानिफनाथ गोणी टाकून म्हणे, “मास्तर, गाडी न्हाई ना?” आणि निसळ गंभीरपणे रस्त्याकडे पाहून म्हणत, “दिसत तर नाही.” छबूबाई कळशी उचलत.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीच्या नगरच्या कार्यालयात अपूर्वाने मॉडेल दाखवले. पुण्याहून साहेब आले होते. निसळांना मागच्या रांगेत खुर्ची मिळाली. भिंतीवर वाघमळ्याचा धक्का वरून दिसत होता. डबे करडे, ट्रक पिवळे, टोळ्या हिरवे चौकोन. टोळी काम थांबवून उभी राहिली की चौकोन लाल व्हायचा. अपूर्वाने एक शुक्रवार चालवून दाखवला. नऊ तास दीड मिनिटात संपले. नेवाशाचे पिवळे ठिपके घोडेगावला अडकले, बरोब्बर पन्नास मिनिटांनी सुटले. निसळांना क्षणभर हसू आले. मग त्यांनी हिरव्या चौकोनांकडे पाहिले. ते पुन्हा पुन्हा लाल होत होते. सगळ्यांत जास्त चौथा.

“टोळ्यांचा बत्तीस टक्के वेळ ट्रकची वाट पाहण्यात जातो,” अपूर्वा म्हणाली. “चार वर्षांच्या नोंदी हेच सांगतात. माणसांचा वेग उत्तम आहे; मी स्वतः दोन रेक पाहिल्या, कोणी मिनिटभर बसलं नाही. अडचण ट्रकची आहे.”

तिने दुसरी मांडणी चालवली. रेक येण्याआधी तीन तास ट्रकमालकांच्या मोबाईलवर वेळ जाणार, प्रत्येक ट्रकला ठरलेली वेळ, दर सहा मिनिटांनी एक. लाल जवळपास नाहीसे झाले. मग तिने एक चौकोन काढून टाकला आणि पुन्हा चालवले. तीन टोळ्या, आठ तास वीस मिनिटे.

“चौथी टोळी मग करते काय?” साहेबांनी विचारले.

“या मांडणीत काही नाही, सर. उभी राहते.”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिले. चहा आला. निसळांना वाटले, आता कोणीतरी मागे वळून विचारील की मास्तर, हे असेच आहे ना? आपण काय उत्तर देऊ, याची त्यांनी जुळवाजुळवही केली. कोणी विचारले नाही. आकडे त्यांचेच होते. त्यांना काय विचारायचे?

पुढचे आठ दिवस त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. बायको सरोजिनीबाईंनी दोनदा विचारले, पोटात दुखतंय का. नवव्या दिवशी, रविवारी, ते दिल्ली गेटहून रिक्षाने सावेडीला गेले. अपूर्वा सुट्टीला आईवडिलांकडे येते हे त्यांना माहीत होते. अहवाल सोमवारी साहेबांकडे जायचा होता, हेही माहीत होते.

तिच्या आईने चहा ठेवला. निसळांनी कपाला हात लावायच्या आधी सांगून टाकले.

“त्या ‘गाडी नाही’ नोंदी आहेत ना, त्यातल्या बऱ्याचशा खोट्या आहेत.”

अपूर्वाने विचारले, “बऱ्याचशा म्हणजे किती?”

“दहातल्या दोन खऱ्या. बाजाराच्या दिवशीच्या, पावसातल्या.”

“आणि आठ?”

“बसायचे ते. दमले की. मी लिहायचो गाडी नाही.”

“चार वर्षं?”

“एकोणीस.”

“मी दोन दिवस बसले होते तिथे, काका. कोणी बसलं नाही.”

“तू होतीस म्हणून.”

तिने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणला. लाल रंगातला आठ दहांश भाग तिने ‘ट्रक नाही’ मधून काढून ‘विश्रांती’ मध्ये टाकला आणि मॉडेल चालवायला लावले. एकदा चालवून भागत नाही, असे तिने सांगितले. नशिबाचा भाग निघून जावा म्हणून चाळीस वेळा चालवावे लागते. पडद्यावर आकडा चढत होता, सात, आठ, नऊ. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. चहावर साय धरली.

चाळीस झाले. अपूर्वाने पडदा निसळांकडे वळवला नाही. आधी स्वतः दोनदा वाचला.

“विश्रांती धरली की चार टोळ्यांना आठ तास पन्नास लागतात. आज लागतात तेवढेच. म्हणजे ट्रकच्या वेळा कितीही नीट केल्या तरी फारसा फरक पडत नाही.”

“मग चार टोळ्या लागतातच. तेच लिही ना.”

“साहेबांनी तीन पर्याय तपासायला सांगितलेत. ट्रकच्या वेळा, टोळ्यांची संख्या आणि पट्टा.” पट्टा म्हणजे गोण्या डब्यातून थेट ट्रकमध्ये नेणारा चालता पट्टा; असे पट्टे निसळांनी सिमेंटच्या धक्क्यावर पाहिले होते. “आधी पट्टा हिशेबात बसत नव्हता, कारण अडचण ट्रकची दिसत होती. ट्रकच नसतील तर पट्टा घेऊन काय करणार? आता अडचण माणसांची झाली. आता तो बसतो.”

“किती माणसं राहतात?”

“सोळा.”

बहात्तरातून सोळा. निसळांनी वजाबाकी केली, जणू ती कोणी करायची राहिली होती. वही खरी मानली तर अठरा जाणार होते. वही खोटी म्हटली तर छप्पन्न.

“ते बसतात असं धरून, चारही टोळ्या ठेवायच्या, असा पर्याय नसतो का?”

“तो पर्याय नाही, काका. ते आजचं आहे. आजच्यासाठी कोणी मॉडेल करून घेत नाही.” हे ती उद्धटपणे म्हणाली नव्हती. मग खाली बघून म्हणाली, “खरं दुसरंच आहे. पण वही तुमची. वही चुकीची आहे असं तुम्ही लेखी दिलंत तर मला दुसरं पाठवावं लागेल. नाही दिलंत, तर मला जे मिळालं त्यावर मी काम केलंय.”

निसळांनी चहा पिऊन टाकला. गार झाला होता. कप बशीत ठेवून ते म्हणाले, “वही बरोबर आहे.”

परत येताना ते रिक्षा न करता चालत आले. साडेतीन किलोमीटर, दुपारी दोनचे ऊन. सरोजिनीबाईंनी दारातच विचारले, “एवढ्या उन्हात कुठे गेला होतात?” ते म्हणाले, “ऑफिसचं काम होतं.” यातही खोटे काही नव्हते.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी कंपनीचे पत्र आले. तीन टोळ्या पुरेत. कोणती टोळी थांबवायची हे वहीवरूनच ठरले होते: जिच्या नावापुढे काम थांबल्याची मिनिटे सर्वांत जास्त, ती. चौथी. त्या टोळीत वयस्क माणसे जास्त होती, म्हणून ती जास्त वेळा बसे आणि म्हणून मास्तरांनी तिच्यापुढे ‘गाडी नाही’ जास्त वेळा लिहिले होते. एकोणीस वर्षांची भीड मिनिटामिनिटाने मोजून तिच्याच खात्यावर पडली.

कानिफनाथ दुसऱ्या दिवशी आला. रेक नव्हती, धक्का रिकामा होता. मास्तर फलाटाकडेच्या आपल्या कोठडीत कागद लावत होते. तो उंबऱ्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“मास्तर, आमच्याच म्होरं लई ‘गाडी न्हाई’ पडलं का वो?”

निसळ म्हणाले, “हो.”

“मंग बराबर हाय कंप्युटरचं.”

बाहेर छबूबाई झाडत होत्या. खराट्याचा आवाज थांबला.

“अरं, तुझ्यापायीच लिवलं ना त्येंनी,” त्या बाहेरूनच म्हणाल्या.

“मी कुठं न्हाई म्हनलो? म्या सोताच म्हनायचो, गाडी न्हाई ना, गाडी न्हाई ना.” कानिफनाथने टोपी झटकली. “आन त्या बाईम्होरं आमी येड्या बैलावानी राबलो दोन दिस. बसलो आसतो तर तिलाबी दिसलं आसतं. काय मास्तर?”

त्या दिवशी टोळ्या बसल्या असत्या तर काय झाले असते, हे निसळांनी सावेडीच्या टेबलावर पाहिले होते.

“दुसरा काय रस्ता हुता का न्हाई? सायबाला सांगून वगैरे?”

“नव्हता.”

“तुमी सांगून बघितलं?”

“बघितलं.”

कानिफनाथने मान हलवली. त्याचा विश्वास बसला, हे निसळांना स्पष्ट दिसले. उठताना त्याने उंबऱ्याला हात लावला, तो नमस्कार होता की नुसता आधार, हे कळले नाही. सोळा आणि छप्पन्नची गोष्ट निसळांनी त्याला सांगितली नाही, नंतरही कधी नाही. छप्पन्न वाचावेत म्हणून तुला जाऊ दिले, हे ऐकून माणसाने काय करायचे असते, ते त्यांना सुचेना.

अठरा माणसे जिकडेतिकडे झाली. चारजण नगरच्या कांदा बाजारात गेले, पाच बांधकामावर. दोघे गावी बसले आहेत. कानिफनाथ शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात टेम्पोत म्हशी चढवून देतो. दावे धरायचे आणि मागून रेटायचे. हे एका ड्रायव्हरने सांगितले. नेवाशाची खेप तिथे अडकली असताना त्याने कानिफनाथला पाहिले. आता त्या पन्नास मिनिटांत कानिफनाथही आहे. छबूबाई मात्र धक्क्यावरच राहिल्या. वहीत त्यांचा रकाना नव्हता, म्हणून मॉडेलमध्ये त्या नव्हत्या, म्हणून त्यांना काढायचेही कोणाला सुचले नाही.

एप्रिलच्या मध्यापासून नवी पद्धत सुरू झाली. वही बंद झाली. मास्तरांना टॅबलेट मिळाला. ट्रकवर यंत्रे बसवली, त्यामुळे फाटकातून ट्रक आत आला की वेळ आपोआप पडते. ट्रक खरोखरच वेळेवर येऊ लागले. मॉडेलचे तेवढे म्हणणे तंतोतंत खरे ठरले. सहा मिनिटांनी एक, सहा मिनिटांनी एक, आणि फलाटापुढे फाळके उघडून रांग. तीन टोळ्यांना चारांचे काम होते. पहिली रेक रिकामी व्हायला दहा तास चाळीस मिनिटे लागली. त्यानंतरची दहा तास पंचावन्न.

माणसे बसतच होती. मे महिना लागला आणि दुपारी पारा बेचाळीसला गेला. पहिल्या टोळीचा मुकादम गहिनीनाथ एकदा जुन्या सवयीने म्हणाला, “मास्तर, गाडी न्हाई ना?” त्याच्यासमोर पाच ट्रक उभे होते आणि पाचही टॅबलेटवर हिरव्या अक्षरांत दिसत होते. कोणी हसले नाही.

काम थांबले की टॅबलेट कारण विचारतो. लिहून चालत नाही, यादीतले निवडायचे: पाऊस, रेल्वे, वजनकाटा, ट्रक, कामगार. ट्रक निवडला तर टॅबलेट नोंद घेत नाही, कारण ट्रक आत असल्याचे त्याला माहीत असते. निसळांनी एकदा वजनकाटा निवडला. दोन मिनिटांत पुण्याहून फोन आला. काट्याचा संगणकही त्याच जाळ्यात होता आणि काटा चालू होता. “मास्तर, बोट चुकलं का?” पलीकडच्या मुलाने अदबीने विचारले. “चुकलं,” निसळ म्हणाले आणि त्यांनी कामगार निवडले. तेव्हापासून ते कामगारच निवडतात. बारा मिनिटे, कामगार. सतरा मिनिटे, कामगार. मिनिटे पूर्वीसारखीच खरी. आता कारणही खरे आहे. एकोणीस वर्षे जो शेरा त्यांनी लिहायचा टाळला, तो ते आता एकेका रेकला पंधरा-सोळा वेळा बोटाने लिहितात.

टोळ्यांना हे ठाऊक नाही. टॅबलेट मास्तरांच्या हातात असतो आणि मास्तर सांभाळून घेतात, असे त्यांना वाटते. गहिनीनाथने एका दुपारी छबूबाईंना तसे बोलूनही दाखवले. निसळ दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी पेन शोधायला कानाकडे हात नेला. तिथे पेन नव्हते.

मेच्या चोविसाव्या तारखेला अपूर्वाचा फोन आला. ती इकडचे तिकडचे काही बोलली नाही.

“काका, कंपनीने मॉडेल पुन्हा चालवायला सांगितलंय. नव्या नोंदींवर. एकतीस तारखेला.”

“नऊ तासांत होत नाही म्हणून?”

“हो. मॉडेल चुकलं कुठे, असं विचारतायत.”

“मग तू काय सांगणार?”

“मी काही सांगायची गरज नाही. टॅबलेटच्या नोंदी आहेत ना. सहा रेकांचे आकडे मी पाहिलेत.” मग म्हणाली, “त्या रविवारी दुसऱ्यांदा जे आलं होतं, तेच येईल. सोळा.”

निसळ फलाटावर उभे होते. समोर चौथ्या टोळीची जागा होती, डबा सोळा ते एकवीस. तिथे आता तिसरी टोळी शेवटी, तीन वाजल्यानंतर पोहोचते. त्यांनी विचारले, “तेव्हा मी लेखी दिलं असतं तर?”

“तर हे मार्चमध्येच झालं असतं.”

“म्हणजे अठरा माणसं नुसतीच—”

“दोन महिने आधी गेली,” अपूर्वा म्हणाली. “बाकीच्यांना दोन महिने मिळाले, असंही म्हणता येईल.” मग तिलाच ते बरे वाटले नसावे. म्हणाली, “मी तसं म्हणत नाहीये, काका.”

फोन संपल्यावर निसळ कोठडीत गेले. पुण्याहून परत आलेले वह्यांचे गाठोडे मार्चपासून कोपऱ्यात पडले आहे. सुतळीची गाठ त्यांनी मारलेली नाही. तिकडे कोणीतरी दुसरी गाठ मारली आहे. ते सोडून पाहायला त्यांना सवड झालेली नाही.

बाहेर छबूबाईंनी विचारले, “मास्तर, उद्या किती कळश्या भरू?”

“जेवढ्या भरता तेवढ्याच.”

“आवो पर तीन टोळ्या, का च्यार?”

“तीन,” निसळ म्हणाले.

टॅबलेटवर सूचना संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी आली. उद्याची रेक एकवीस डब्यांची आहे, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी धक्क्याला लागेल, आणि पहिला ट्रक सहा पंचवीसला फाटकात येईल.